वायफायवर अनोळखी डिव्हाइस दिसायलेत, एकेक ब्लॉक करत बसू का?

दादा, तुमचा प्रश्न मी कसा समजलो ते आधी सांगतो, चुकलं तर दुरुस्त करा. लातूरला स्वतःचं घर, वर तुम्ही चौघं, खाली दोन खोल्या नीटची तयारी करणाऱ्या पोरांना दिलेल्या. संध्याकाळी नेट रडायला लागलं म्हणून राउटरचं पान, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं त्याचं सेटिंगचं पान, उघडलं तर अकरा डिव्हाइस जोडलेले, त्यातले सहा-सात ओळखीचे नाहीत. एकाला ब्लॉक केलं की दुसऱ्या दिवशी नवीनच नाव हजर. पासवर्ड बदलून बघितला, आठ दिवस बरे गेले आणि गर्दी परत. आता तुमचं विचारणं असं की कुणी हॅक केलंय का, आणि मॅक फिल्टर, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसच्या मॅक नावाच्या ओळख-पत्त्यावरून त्याला अडवायची किंवा आत घ्यायची सोय, लावला तर कायमचा बंदोबस्त होईल का.

हॅक बहुतेक झालेलं नाही. इथं बसून शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही, कारण राउटर कोणता आहे, तो घरात कुठं लटकवलाय आणि पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे यावर सगळं अवलंबून. पण मी लातूर-नांदेड पट्ट्यात घरगुती नेटवर्क आणि कॅमेरे बसवायचं काम करतो, आणि असल्या तक्रारीत बाहेरून फोडून आत शिरलेला माणूस क्वचितच निघतो, घरातल्याच कुणीतरी दिलेला पासवर्ड निघतो. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर डिव्हाइसच्या मागं न लागता पासवर्ड कुठल्या वाटेनं बाहेर जायलाय ते शोधलं असतं. मॅक फिल्टरनं कायमचा बंदोबस्त होत नाही, का ते पुढं सांगतो.

आधी ती यादी नीट वाचू, कारण अकरातले निम्मे तुमचेच निघायची बरीच शक्यता आहे. राउटरच्या पानावर दोन याद्या असतात, एक आत्ता जोडलेल्यांची आणि एक डीएचसीपी क्लायंटची, म्हणजे राउटरनं ज्यांना ज्यांना नेटवर्कचा पत्ता वाटून दिलाय त्यांची. दुसरीत काल येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोनसुद्धा दिसतो, कारण राउटर एकदा दिलेला पत्ता बऱ्याचदा चोवीस तास त्याच्याच नावावर ठेवतो. लोक ही दुसरी यादी बघून घाबरतात. तुम्ही "कनेक्टेड" किंवा "ऑनलाइन" लिहिलेली यादी बघा.

दुसरी भानगड मोबाईलची. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून फोन आपणहून आपला खरा मॅक अ‍ॅड्रेस सांगतच नाही, प्रत्येक वायफायला एक बनावट पत्ता तयार करून देतो. हे तुमच्या प्रायव्हसीसाठीच केलंय, पण त्यामुळं यादीत कंपनीचं नाव येत नाही, "अननोन" येतं, आणि घरच्याच माणसाचा फोन चोरासारखा दिसतो. ओळखायची सोपी खूण सांगतो. मॅक अ‍ॅड्रेसचं दुसरं अक्षर बघा, ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनावट, म्हणजे जवळपास नक्की एखादा मोबाईल किंवा लॅपटॉप. दुसरं काही असेल तर पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते, गुगलवर टाकलं की नाव येतं.

पण ते नावही फसवतं. औसा रोडवरच्या एका घरी यादीत "एस्प्रेसिफ" नावाचं काहीतरी दिवसभर बसलेलं असायचं आणि मालकाला पक्की खात्री की हे शेजारच्याचं काम, बोलणं बंद व्हायची वेळ आलेली. मी गच्चीवर गेलो, सोलरच्या इन्व्हर्टरखाली बोटभर लांबीची एक काडी लावलेली असते, तिच्यावरचा दिवा लुकलुकत होता. ती काढली, खाली येऊन पान रिफ्रेश केलं, एस्प्रेसिफ गायब. ही शांघायची कंपनी चिप बनवते आणि स्मार्ट प्लग, बल्ब, सोलरच्या लॉगरमध्ये (म्हणजे हीच काडी, सोलरची माहिती अ‍ॅपला पाठवणारी) ती चिप असते. सोलर बसवणारा माणूस त्या दिवशी वायफायचा पासवर्ड मागून ती काडी जोडून गेलेला, घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. आता तर घरोघर सोलर बसायलेत, त्यामुळं तुमच्याकडं असेल तर आधी तिकडं बघा. तसंच कॅमेऱ्याचा डीव्हीआर, टीव्ही, सेटटॉप बॉक्स, प्रिंटर, वायफायवाला गिझर किंवा एसी, लेकराचा जुना टॅब जो कपाटात चार्जिंगला पडलेला असतो.

त्यामुळं एक संध्याकाळ काढा आणि एकाच माणसानं यादी उघडून बसावं, बाकीच्यांनी एकेका वस्तूचं वायफाय बंद करावं. जे नाव गळालं ते त्या वस्तूचं. राउटर नाव बदलू देत असेल तर तिथंच "आईचा फोन", "हॉलचा टीव्ही" असं लिहून टाका, नसेल देत तर वहीत. हे कंटाळवाणं काम आहे, पण ते न करता पुढचं काहीही केलं तरी परत तिथंच याल.

आता ब्लॉक केलेलं दुसऱ्या दिवशी नव्या नावानं का येतं. वर सांगितलं तेच कारण. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये "रँडमाइज्ड मॅक" आणि "फोनचा मॅक" असे दोन पर्याय असतात, पोरानं एकावरून दुसऱ्यावर बोट मारलं की राउटरच्या दृष्टीनं तो वेगळाच फोन झाला, तुमचा ब्लॉक गेला जुन्या पत्त्यासोबत. यात हॅकिंग काहीच नाही, दहावीच्या पोरालाही यूट्यूबवर बघून जमतं. आणि उलटा मॅक फिल्टर, म्हणजे फक्त ठराविक डिव्हाइसला परवानगी, तो लावला तर तुम्हीच वैतागाल. घरातल्या एखाद्या फोननं पत्ता बदलला की त्याचंच नेट बंद, आणि ज्याला खरंच घुसायचंय त्याला हवेतून जाणारे मॅक अ‍ॅड्रेस उघडे वाचता येतात, कारण पासवर्डनं डेटा झाकला जातो, पत्ता झाकला जात नाही. एकेक ब्लॉक करत राहणं म्हणजे कुलूप बदलायचं सोडून येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड बघत दारात बसणं. वायफायचं नाव लपवायचा सल्लाही कुणीतरी देईल, तो सोडून द्या. नाव लपवलं की तुमचे फोनच जिकडं जातील तिकडं त्या नावानं हाका मारत फिरतात, फायदा शून्य.

मग पासवर्ड जातो कुठून. आमच्याकडं नेहमी सापडणाऱ्या वाटा सांगतो, तुमच्या घरी कोणती लागू पडते ते तुम्हीच ताडा.

सगळ्यात मोठी वाट क्यूआर कोडची. अँड्रॉइडमध्ये जोडलेल्या वायफायवर बोट ठेवून "शेअर" केलं की क्यूआर येतो, बऱ्याच फोनमध्ये त्याच्याखाली पासवर्डही छापलेला असतो, आणि नसला तरी त्या क्यूआरमध्ये तो साध्या अक्षरांत लिहिलेला असतो, गुगल लेन्सनं स्कॅन केला की वाचता येतो. म्हणजे तुम्ही खालच्या एका पोराला स्वतः टाइप करून पासवर्ड दिला आणि "कुणाला सांगू नको" म्हणालात तरी तो रूम पार्टनरला, पार्टनर ट्यूशनच्या मित्राला, मित्र समोरच्या मेसवाल्याला देऊ शकतो, कुणालाही पासवर्ड "सांगावा" लागत नाही. आठ दिवसांत गर्दी परत झाली ती बहुतेक अशीच. आणि दरवेळी खालच्या पोरांवरच संशय घेऊ नका हो, बऱ्याचदा आपलीच लेकरं देतात, पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं म्हणून आपणही देतो.

दुसरी वाट अशी की पासवर्ड मुळातच गल्लीला माहीत असतो. नेट जोडायला आलेला पोरगा घाईत ग्राहकाचा मोबाईल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जातो. तुमचा नंबर भाडेकरूकडं आहे, दूधवाल्याकडं आहे, दारावरच्या "खोली भाड्याने देणे आहे" या पाटीवर आहे. कुणी नुसतं टाकून बघितलं तरी लागेल. आणि ज्याला नंबर माहीत नाही त्यालाही अवघड नाही. तुमचा फोन राउटरला जोडला जातो त्या क्षणाची देवाणघेवाण बाहेर बसलेला लॅपटॉप पकडू शकतो आणि मग घरी नेऊन निवांत अंदाज लावत बसतो, तिथं राउटर त्याला अडवायला नसतोच. भारतातले मोबाईल नंबर ६, ७, ८, ९ नं सुरू होतात, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता, आकडा मोठा वाटतो पण गेमिंगच्या चांगल्या ग्राफिक कार्डला ते काही तासांचं काम आहे. आठ आकडी जन्मतारीख असेल तर तितकाही वेळ नको.

तिसरी वाट राउटर कुठं आहे त्याची. फायबर जिथून घरात शिरतं तिथंच, जिन्यात नाहीतर पोर्चमध्ये राउटर ठोकलेला मी कितीतरी घरांत बघतो. त्याच्या पाठीमागं स्टिकर, त्यावर कंपनीचा पासवर्ड, कधी कधी अ‍ॅडमिनचंही नाव-पासवर्ड, एक फोटो काढला की झालं. शिवाय डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं. ते दाबल्यावर पुढची दोन मिनिटं जो जोडायला येईल त्याला राउटर पासवर्ड न विचारता आत घेतो. तुम्ही पासवर्ड कितीही भारी ठेवा, जिन्यातून वर जाताना बटण दाबलं की काम झालं. आणि त्याच डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिनवाला प्रकार तर २०११ सालीच उघडा पडलाय, आठ आकडे असले तरी राउटर ते दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळं दहा कोटींऐवजी फक्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. बऱ्याच नव्या राउटरनी ते आवरलंय पण जुने अजून भिंतीवर लटकलेलेच आहेत.

आणि चौथी, जी लोक विसरतातच, राउटरचा स्वतःचा अ‍ॅडमिन पासवर्ड. वायफायचा वेगळा, हा वेगळा. वायफायवर असलेला कुणीही ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून, जिओचा असेल तर १९२.१६८.२९.१ टाकून, ते पान उघडतो, आणि तिथं अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन चालत असेल तर तोही घराचा मालकच. तुमचा ब्लॉक काढेल, पासवर्ड वाचेल, मनात आलं तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेटिंग) बदलून तुमचे लोक बँकेची साइट उघडताना भलतीकडंच नेईल. म्हणून आत गेलात की डीएनएस "ऑटोमॅटिक" आहे का, किंवा तुम्ही स्वतः टाकलेलाच आहे का, तेवढं बघून घ्या.

आता काम. क्रम मुद्दाम असा ठेवलाय, उलटापालटा केला तर अर्धवट राहतं. शक्य असेल तर लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून करा, वायफायवरून करायला गेलं की मधीच आपणच बाहेर फेकले जातो. आधी अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. मग डब्ल्यूपीएस बंद करा, आणि "रिमोट मॅनेजमेंट", म्हणजे घराबाहेरून नेटवरून राउटरचं पान उघडायची सोय, चालू असेल तर तेही बंद. मग सिक्युरिटीत, म्हणजे वायफायचं कुलूप कोणत्या प्रकारचं ते ठरवायच्या जागी, डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड निवडा, नुसता डब्ल्यूपीए किंवा टीकेआयपी दिसलं तर काढा, आणि डब्ल्यूईपी असेल तर तो राउटर भंगारात द्या, ते २००१ मध्येच मोडलंय. २०१८ चा डब्ल्यूपीए३ चांगला आहे, त्यात ते घरी नेऊन अंदाज लावणं चालत नाही, पण नुसता तोच ठेवला तर जुने टीव्ही आणि सोलरची काडी जोडतच नाहीत, म्हणून मिक्स्ड. अपडेट आलेलं दिसलं तर तेही टाकून घ्या. सगळ्यात शेवटी वायफायचा पासवर्ड.

पासवर्ड कसा ठेवायचा. मर्यादा आठ ते त्रेसष्ट अक्षरांची आहे, आणि खुणा-चिन्हांपेक्षा लांबी जास्त कामाची. मी लोकांना एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत, मधी आडवी रेघ देऊन ठेवायला सांगतो, म्हणजे "भाकर-टमटम-औंढा-सतरंजी" असलं काहीतरी (हाच ठेवू नका, हा आता सगळ्यांनी वाचला). आजीलाही लक्षात राहतो आणि अंदाज लावणाऱ्या मशीनचा घाम काढतो. लेकरांची नावं, गाडीचा नंबर, कुलदैवत अधिक एकशेआठ, हे सगळं पहिल्या झटक्यात तपासलं जातं.

काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ग्राहकाला अ‍ॅडमिन पान पूर्ण उघडत नाही, अ‍ॅपमधूनच जेवढं देतील तेवढंच. तिथं डब्ल्यूपीएसचा पर्याय दिसला नाही तर ऑपरेटरच्या माणसाला बोलवून समोर बसून बंद करून घ्या. आणि राउटरच्या मागं टाचणी घालून रीसेट अजिबात मारू नका, फायबरच्या राउटरमध्ये नेटचीच सेटिंग पुसली जाते आणि मग माणूस येईपर्यंत घर बसून राहतं. तो माणूस येऊन गेल्यावर मात्र सगळं परत तपासा, जाताना तो बऱ्याचदा जुनाच मोबाईल नंबर टाकून गेलेला असतो.

पोरांचं काय करायचं, हा खरा अवघड भाग. नेट देणार म्हणून खोली दिली असेल तर एकदम बंद करता येत नाही, आणि त्यांनाही लेक्चर, टेस्ट सिरीज सगळं ऑनलाइनच लागतं. चांगला उपाय म्हणजे त्यांच्यापैकी एकाच्या नावावर वेगळं कनेक्शन, सगळ्यांनी मिळून वाटून घेतलं तर फार जात नाही. मी हे सुचवतो त्याचं कारण स्पीड नाही, जबाबदारी आहे. तुमच्या कनेक्शनवरून कुणी काही उद्योग केला तर पोलिसांना सापडतो तो त्या कनेक्शनचा नेटवरचा पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, आणि त्याच्यापुढं लिहिलेलं तुमचं नाव. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी जो धमकीचा ईमेल गेला तो नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता, त्याचा काही संबंध नव्हता तरी चौकशी आधी त्याच्याच दारात आली. शिवाय घरगुती प्लॅन पैसे घेऊन पुढं वाटणं कंपनीच्या अटींत सहसा बसत नाही.

वेगळं कनेक्शन जमत नसेल तर गेस्ट नेटवर्क. बहुतेक राउटरमध्ये असतं. वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि त्यात "गेस्टला लोकल नेटवर्क दिसू द्या" अशा अर्थाची टिकमार्क असते ती काढलेलीच ठेवा, म्हणजे पोरांना नेट मिळेल पण तुमचा डीव्हीआर, प्रिंटर आणि राउटरचं पान दिसणार नाही. लावल्यावर गेस्टवरून ते पान उघडतंय का हे स्वतः तपासा, स्वस्त राउटरमध्ये कधी कधी उघडतं. गेस्टचा पासवर्ड दर महिन्याला भाड्याच्या तारखेला बदला. तो फुटणारच असं धरून चाला, फुटला तरी तुमच्या घरच्या एकाही वस्तूला हात लावावा लागत नाही, हाच फायदा. घरचा पासवर्ड मात्र पाहुण्यालाही द्यायचा नाही, त्यांना गेस्टचाच. काही राउटर गेस्टला स्पीडची मर्यादा घालू देतात, तेही घाला.

स्पीडवरून आठवलं. नेट संध्याकाळी रडतं याचं खापर पूर्ण या डिव्हाइसवर फोडू नका. ट्यूशन एरियात घरटी दोन-तीन राउटर, आणि वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. रात्री आठला सगळी पोरं खोलीवर आली की हवेतच गर्दी होते, तुमच्या वायफायवर कुणी नसलं तरी. लॅपटॉप केबलनं जोडून स्पीड बघा, केबलवर पूर्ण येतंय आणि वायफायवर रडतंय तर दोष हवेचा. टीव्ही आणि फोन ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर न्या, ते स्लॅबच्या आरपार नीट जात नाही पण एका मजल्याला पुरतं. डेटा संपायची भीती तर बऱ्याच प्लॅनमध्ये फारशी नाही, महिन्याची ३३०० जीबीची मर्यादा दोन-चार पोरांनी संपत नाही.

पासवर्ड बदलल्यावर दुसऱ्या दिवशी दोन फोन येतील असं समजा, "टीव्ही चालंना" आणि "सोलरचं अ‍ॅप ऑफलाइन दाखवायलंय". वीज बनायची थांबलेली नसते, फक्त काडीला नवा पासवर्ड द्यावा लागतो, आणि ती २.४ वरच जोडते हे लक्षात ठेवा. कॅमेऱ्याचंही तसंच.

आणि एवढं सगळं करून परत अनोळखी नाव आलंच तर घरात कुठं जुना रिपीटर (वायफायची रेंज पुढं वाढवणारा डबा) लावलेला आहे का ते शोधा. कॅमेरेवाल्यानं गच्चीच्या कॅमेऱ्यासाठी लावलेला, नाहीतर मागच्या खोलीत रेंज येत नव्हती म्हणून तुम्हीच आणलेला. तो स्वतःचं वेगळं वायफाय सोडतो, त्याचा पासवर्ड वेगळा असतो आणि कधी कधी नसतोच, आणि मुख्य राउटरला केबलनं जोडलेला असेल तर तुमचा नवा पासवर्ड त्याच्या गावीही नसतो. फोन घेऊन गच्चीपासून खालपर्यंत फिरा, तुमच्या नावाच्या पुढं काही जोडलेलं किंवा ओळखीचं नसलेलं पण फुल रेंजचं वायफाय कुठं दिसतंय ते बघा. सापडला तर राउटरसारखंच त्याच्याही पानावर जाऊन दोन्ही पासवर्ड बदला, नाहीतर सरळ काढून टाका. नाही सापडला तर राउटरचं मॉडेल आणि त्या डिव्हाइसच्या मॅकची पहिली सहा अक्षरं तेवढी कळवा, पूर्ण पत्ता आणि पानाचा फोटो टाकू नका.